चैनीची वस्तू

आमच्या थोरल्या भावाच्या पासपोर्टवर एका यंत्राची नोंद होती. त्या नोंदीवरून मी पाच आठवडे सरकारशी भांडत होते. सरकार मुंबईत होतं आणि मी भडगावजवळच्या आमच्या खेड्यात, पण भांडायला समोर कुणी लागतंच असं कुठे आहे?

माझी माय लग्नात गाणी म्हणायची. नुसती म्हणायची नाही, स्वतः रचायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण विहिणीला असे काही चिमटे काढायची की विहीणच आधी हसायची. गिरणाकाठच्या गावांत हळद लागायची ती मायचा गळा उघडल्यावरच.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्याला शाळेत शिकवत होते. तिथल्या एका लग्नाला मायला घेऊन गेले, तर मांडवातल्या कर्ण्यातून तिचंच गाणं वाजायला लागलं. कॅसेट मुंबईची. गाणारी कोण कुठली, तिने आमच्या अहिराणीतल्या 'शे'चं 'आहे' केलेलं, त्यामुळे चाल लंगडत होती. कव्हरवर गीतकार म्हणून भलत्याच बाप्याचं नाव. आयत्या बिळावर नागोबा! पण मायला लागलं ते वेगळंच. तिच्या गाण्यातली नवरी गिरणाकाठची होती, यांनी तिला गोदाकाठची करून टाकलं होतं.

"मन्ही नदी कोनी बदली?" माय भर मांडवात उभी राहून ओरडली.

लोक हसले. कर्णेवाला म्हणाला, "आक्का, कॅसेटवर त्यांचं नाव आहे म्हणजे गाणं त्यांचंच." माय खाली बसली. नंतर दोन लग्नांची आवतनं आली, तर डोकं दुखतं म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळी मला कळलं, डोकं-बिकं काही नाही, माझ्या आईने गाणं सोडलंय. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

मी ठरवलं, आपली कॅसेट काढायची. मायच्या आवाजात, मायच्या नावाने, गिरणेसकट.

घरच्या टेपवर भरून पाहिलं. ढोलकी वर तरंगत होती आणि बाकीचे आवाज पिंपात पडल्यासारखे येत होते. मग जळगावला गेले, अँप्लिफायर-माइकच्या दुकानात. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "ताई, चार ट्रॅकचं जपानी यंत्र येतं. ढोलकी वेगळी भरायची, गळा वेगळा. एक चुकलं तर तेवढंच पुन्हा भरायचं." मग त्याने किंमत सांगितली आणि मी बसायला स्टूल शोधलं.

"अहो, जपानात सोन्याचं करतात का हे?"

"तिकडे फार नाही. इकडे यायला पडतं." त्याने समजावून सांगितलं. मूळ किमतीत जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा. त्या सगळ्यावर कस्टमची ड्यूटी. ती ड्यूटी धरून जी रक्कम होते, तिच्यावर पुन्हा दुसरा कर. मग मुंबईच्या दलालाचा नफा, मग माझा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! "आपल्या देशातल्या कारखान्यांना संरक्षण मिळावं म्हणून," तो म्हणाला.

"आपल्याकडे कोणता कारखाना काढतो असलं यंत्र?"

"एकही नाही."

"मग संरक्षण कुणाला?"

तो हसला आणि त्याने मला चहा पाजला.

भाऊ तेव्हा मस्कतला इलेक्ट्रिशियन होता. मी त्याला पत्र लिहिलं, सगळं लिहिलं, मायने गाणं सोडल्याचंही. दिवाळीनंतर तो पाच आठवड्यांच्या रजेवर आला तो यंत्र घेऊनच. मीही शाळेत तेवढीच बिनपगारी रजा टाकून गावी आले. तिकडच्या दुकानात ते त्याच्या एका पगारात बसलं होतं. विमानतळावर मात्र अडवलं. अधिकाऱ्याने खोकं उघडून विचारलं, "गायक आहात?" भाऊ म्हणाला, नाही, आई गाते. "चैनीची वस्तू आहे ही," अधिकारी म्हणाला आणि ड्यूटी सांगितली. ती यंत्राच्या किमतीहून जास्त! भावाकडे तेवढे नव्हते. मग पासपोर्टवर यंत्राची नोंद झाली, नंबरासकट. परत जाताना बरोबर न्यायचं, नाही नेलं तर ड्यूटी भरायची.

"चैन?" मी भावावरच ओरडले. "तिच्या पायाच्या भेगा दाखवायच्या होत्या त्याला!"

मायने शांतपणे विचारलं, "मन्हा गळा ते आठलाच शे ना? त्यावर काही भरनं पडस का?"

नाही, म्हटलं. गळा इथलाच, गळ्यावर अजून ड्यूटी नाही.

"मंग चाल," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून असं काही ऐकलं.

पण यंत्र फार तिखट कानांचं निघालं. पुढच्या खोलीत भरायला बसलो तर मायबरोबर गिरणीची पुकपुक आली, शेजारची कोंबडी आली, वर पत्र्याचा घणघणाट. एक अख्खा आठवडा वाया गेला. भाऊ डोकं धरून बसला. "तिकडे स्टुडिओच्या भिंतींना आतून जाड गाद्या लावतात," म्हणाला. आमच्याकडे गोधड्या होत्या पाच.

मग एका दुपारी आबा, म्हणजे आमचे वडील, कापसाच्या खोलीत शिरले. आमच्याकडे वेचलेला कापूस सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत घरातच ठेवतात. एक खोली छतापर्यंत भरलेली असते. भाऊ त्यांना दारातून हाका मारत होता आणि आबांना काही ऐकू येत नव्हतं, चार हातांवर असून! भाऊ हाक मारता मारता थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी मायकडे.

कापसात पोकळी करून आम्ही मायला आत बसवलं. काय सांगू, आवाज असा स्वच्छ आला की भावाने हेडफोन काढून डोळे पुसले. मुंबईवाल्यांनो, लावा गाद्या! पण कापसाचे तंतू उडायला लागले आणि माय अंतऱ्याला शिंकू लागली. भावाने शहाणपणा केला, तांब्याभर पाणी शिंपडलं. आबांनी ते पाहिलं मात्र!

"कापूसवर पानी? येडा व्हयना का तू? केंद्रावर माले चोर म्हनतीन!"

खरंच होतं त्यांचं. वजन वाढवायला पाणी मारणारे असायचेच, आणि आबांनी तसलं कधी केलं नव्हतं. अर्धा दिवस त्यांनी तो ओला कापूस अंगणात वाळवला आणि आम्हा तिघांना तोंड भरून शिव्या दिल्या. शेवटी यंत्र मायच्या लुगड्यात गुंडाळून ओट्यावर ठेवलं, माइक तेवढा आत. गाण्याआधी मायला गुळाचा खडा. शिंका थांबल्या.

एकेक गाणं होत गेलं. ढोलकी शेजारच्या नानांनी वाजवली, ती वेगळी भरली. फक्त एक गाणं माय टाळत होती. तेच, गिरणाकाठचं. बसायची, तोंड उघडायची आणि म्हणायची, "उद्या." भावाला जायला तीन दिवस राहिले, मग दोन. मी चिडले, रडले, बोलू नये ते बोलले. "त्यांच्याच नावावर राहू दे मग तुझी नदी!" असंही म्हणाले. ती उठून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा नंबर लागला. दारात दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या. गडी कापूस भरायला खोलीत शिरणार, तोच माय स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, कुणाला काही न बोलता कापसात शिरली आणि आतून म्हणाली, "लाव तुन्हं यंत्र."

भाऊ ओट्यावर धावला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या. मी आबांकडे पाहिलं. या माणसाने उभ्या जन्मात मायच्या गाण्याला बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी चारही बैलांच्या माळा एकेक करून सोडल्या आणि मांडीवर घेऊन ओट्याच्या पायरीवर बसले.

"आबा, नंबर जाई," गाडीवान म्हणाला.

"जाऊ दे. पुरं गानं होऊ द्या, मंग भरा."

माय गायली. एकदाच, न अडखळता. गिरणेचं नाव आलं तेव्हा तिने ते असं ठासून म्हटलं की यंत्रावरचा काटा लाल रेघेच्या पार गेला. ते तसंच ठेवलंय. आबांचा नंबर गेला आणि केंद्रावर त्यांना तीन दिवस मुक्काम पडला.

यंत्र नोंदीप्रमाणे परत गेलं. भावाने पत्रात लिहिलं, कस्टमवाल्याने झाकण उघडून नंबर ताडून पाहिला, तर आतून कापसाचा बोंडभर पुंजका निघाला. तो काय आहे हे त्याला कळेना. आणि यंत्रातून जे बाहेर पडलं होतं, ते तर त्याला विचारायलाही सुचलं नाही.

धुळ्यातल्या एका दुकानात आम्ही कॅसेटच्या प्रती काढल्या. कव्हरवर छापलं: गीत, चाल आणि आवाज, पुढे मायचं नाव. दुकानदाराने विचारलं, किंमत काय ठेवायची? मुंबईची कॅसेट ज्या किमतीला जाते त्याहून दोन रुपये कमी ठेवा, लवकर खपेल, असं त्याचं म्हणणं. मला पटलं होतं. मी मान हलवणार, तेवढ्यात मायने माझा हात धरला.

"दोन रुप्या जास्त ठेव," ती म्हणाली.

"आक्का, गिऱ्हाईक विचारेल ना, ही महाग का?"

माय काउंटरवरची कॅसेट उचलून, न वाचता येणाऱ्या आपल्या नावावरून बोट फिरवत म्हणाली, "त्याले सांग, चैननी वस्तू शे ती. महागच राही."