भिंतीतल्या भोकाचा भाव

धुळ्यात भिंती बांधून भाड्याने देणारे पुष्कळ आहेत, पण भिंतीतल्या भोकाचा भाव करणारा माणूस सगळ्या खानदेशात एकच, आणि तो नेमका आमचा घरमालक. नाना आयुष्यभर गुरांच्या बाजारात दलाली करत होते. बाजार सुटला, पण खांद्यावरचा टॉवेल सुटला नाही. कुठल्याही व्यवहारात ते तोंडाने आकडा बोलत नाहीत. समोरच्याचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. बैलांचे सौदे असे व्हायचे, त्यात नवल नाही. पण नाना दूधवाल्याशी असेच बोलतात, रंगाऱ्याशी असेच बोलतात. एकदा घरपट्टी वसूल करायला आलेला माणूस टॉवेलाखाली हात अडकवून भर उन्हात उभा होता आणि नाना त्याच्या करंगळीला धरून सूट मागत होते.

दुसरं वेड भिंतींचं. त्यांच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला लटकतं, घड्याळ कपाटाच्या कडीला आणि देव फ्रीजवर बसतात. बायकोने एकदा खलबत्त्यात मिरची कुटायला घेतली, तर नाना धापा टाकत जिना चढून आले. दारातूनच अहिराणीत म्हणाले, "ताई, खिया ठोकी राहिनात का?" मिरची बघून गेले, पण जाताना भिंतीवरून हात फिरवून गेले.

मी शिंदखेड्याहून रिकाम्या हाताने आलो आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान उभं केलं ते भाव करून. मला आजवर कुणी फसवलेलं नाही. राग जरा लवकर येतो, हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, त्यामुळे ते मुद्द्याचं बोलतात. अशा माणसाला नानांनी जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही.

झालं असं, की आमच्या एकुलत्या एक मुलीला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. धुळ्यात बसून काम केलं तरी चालेल, पण सोमवारी सकाळी घरात वायरचं पक्कं इंटरनेट हवं, नाहीतर पुण्याला राहायला या, असं त्यांचं म्हणणं. पोरगी घरात राहते की जाते, हे आता एका वायरवर आलं. मी शुक्रवारीच इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो सांगू लागला, जोडणीचे वेगळे, डबीचं डिपॉझिट वेगळं, लांब वायरचे वेगळे. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "घर भाड्याचं आहे का? मग सहा महिन्यांचे आगाऊ. भाडेकरू निघून जातात, साहेब."

"मी काय वायर खांद्यावर टाकून पळणार आहे का?" मी म्हणालो. आवाज बहुतेक चौकापर्यंत गेला असावा. सहाचे तीन महिने झाले, वायर फुकट झाली आणि तो घाम पुसत ड्रिल मशीन काढू लागला. तेवढ्यात नाना दारात.

"भिंत मनी शे, भाऊ," ते म्हणाले. "तुम्ही जाशात, भोक मनाकडेच राही."

त्यांनी टॉवेल टाकला. आत माझी बोटं दाबली. त्या भावात बोकड आला असता. मी कमी दाबलं, त्यांनी पुन्हा तेवढंच दाबलं. मी आणखी कमी केलं, ते हलेनात. माझं डोकं फिरलं. "नाना, भोक विकताय की बोकड?" म्हणत मी हात झटकून बाहेर काढला.

नानांनी शांतपणे टॉवेलाची घडी केली. "हात काढी लिधा. सौदा मोडना."

शेतकऱ्याचा मुलगा असून रागाच्या भरात मी बाजाराचा रिवाज विसरलो होतो. भाव पटला नाही तर तसं बोलायचं, पण हात झटकायचा नाही. झटकला की त्या मालाचा सौदा त्या माणसाशी पुन्हा होत नाही. इंटरनेटवाल्याने मशीन पिशवीत घातलं आणि पुन्हा येण्याचे वेगळे पडतील असं जिन्यात पोहोचल्यावर सांगितलं. मुलीने माळ्यावरून बॅग काढली आणि पुसायला घेतली. बायकोने माझं ताट वाढलं ते माझ्याकडे न बघता.

शनिवारी सकाळी नाना वर आले. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुलीसमोर बसले. "नोकरी तुनी शे ना? मंग सौदा तुनासंगे. हात दे व माय."

तिला आकडे कुठले येणार? जत्रेत लहान मूल धरतं तशी तिने टॉवेलाखाली नानांची सगळी बोटं मुठीत धरली आणि धरूनच ठेवली. नानांनी टॉवेल उचलून पुन्हा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "झाया सौदा."

"कितीला?" मी विचारलं.

"हाऊ आम्हना दोन्हीसना सौदा शे."

"मला काय माहीत, पप्पा," मुलगी म्हणाली. "मी नुसती बोटं धरली."

त्याच दुपारी इंटरनेटवाला परत आला आणि भोक पडलं. धूळ सांडू नये म्हणून नाना स्वतः सूप धरून उभे होते, आणि मशीन सुरू झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. सोमवारी काम सुरू झालं. पण ते भोक कितीला गेलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. दर महिन्याला भाडं देताना विचारतो, नाना मिशीत हसतात. माझ्या घरात, माझ्या देखत एक सौदा झाला आणि मला त्याचा भाव माहीत नाही, ही गोष्ट कुठल्या व्यापाऱ्याला पचेल?

तेव्हापासून नाना दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. भाजीवाला ओरडला की बोट ओठावर ठेवतात, "हयू. वर पोरनं हापिस शे." दुपारच्या सुट्टीत मुलगी खाली जाऊन त्यांना मोबाइलवर बैलजोड्या दाखवते. तिच्या इंग्रजी मीटिंगा खाली ऐकू जातात. मी एकदा म्हणालो, "नाना, समजतं काय तुम्हाला?"

"काहीच नहीं. आवाज येस. बरं वाटस." नानांची दोन्ही मुलं सुरतेला असतात.

आता कंपनीने सगळ्यांना पुण्याला बोलावलं आहे. मुलगी पुढच्या महिन्यात जाईल. नानांना हे सांगण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. रोज संध्याकाळी मी तेवढ्यासाठी खाली उतरतो आणि पाण्याच्या मोटारीवरून भांडून वर येतो. नानाही जोरात भांडतात. काल भांडण संपल्यावर म्हणाले, "भाऊ, दिवाळीले पोरनी खोली रंगाडी देऊ. कोनता रंग आवडस तिले, इचारी ठेवा."

मी विचारून सांगतो म्हणालो.