पाचवी नळी

उमाजी दहावी नापास. पण प्रोटीन कसं पचतं हे सिकंदराबादजवळच्या तारनाक्याच्या कॉलेजात त्यांच्याइतकं कुणाला तोंडपाठ नव्हतं. बायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ते अटेंडंट. सव्वीस वर्षं दरसाल एकच प्रयोग त्यांनी मांडला. पाच काचनळ्यांत दूध पावडरीचं पांढरं पाणी, आणि त्यात पाचक एन्झाइम. पहिलीत थेंबभर, दुसरीत दुप्पट, तिसरीत चौपट, चौथीत आठपट. एन्झाइम जितकं जास्त, तितकं दूध लवकर निवळायचं. पाचवीतलं एन्झाइम ते आधी उकळून घेत, मुलांना फरक कळावा म्हणून. ती दिवसभर पांढरीच राही. मॅडम बदलल्या, मुलं बदलली, उमाजींचं माप कधी चुकलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, पद्मावतीबाईंच्या, अंगी अन्न लागेनासं झालं. जेवायच्या पोटभर आणि वाळत जायच्या. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या. सिकंदराबादचे डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंड निकामी झालंय, पचनाचा रसच बनत नाही. दर जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल घ्यायच्या, जन्मभर. उमाजींच्या जिवात जीव आला. हे तर त्यांच्याच खात्यातलं दुखणं निघालं!

घरी आल्यावर बाईंनी विचारलं, "कशापासून करतात हो हे?"

भल्या माणसाने थाप मारायची की नाही? तर यांनी खरं सांगितलं. "डुकराच्या स्वादुपिंडापासून."

बाई माळकरी. अंडं असेल म्हणून नातवाच्या वाढदिवसाचा केकही न खाणाऱ्या. त्यांनी पाकीट दूर सारलं. "मरण आलं तर येऊ द्या. पण बाटून नाही जगायचं मला." उमाजींनी हात जोडले, कुकटपल्लीची लेक राणी येऊन रडली. बाई तसूभर हलल्या नाहीत.

मग उमाजींनी जे केलं ते जिवापाड माया होती म्हणूनच केलं. स्वयंपाक त्यांनी आपल्या हाती घेतला. कॅप्सूल उघडायची, आतले दाणे खलबत्त्यात बारीक कुटायचे आणि उकळत्या वरणात सोडून चांगलं ढवळायचं, म्हणजे वास मरतो. बाईंना वरण वाफाळतंच लागे.

"अहो, तुमच्या हाताला चव आहे की," बाई म्हणायच्या. उमाजी मान वर करत नसत. तिला फसवतोय याची लाज त्यांना घासाघासाला खायची.

गुण काही येईना. उमाजींनी मनाशी हिशेब केला, माप कमी पडतंय. एकाच्या दोन केल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. डॉक्टरांनी विचारलं, "दवा बराबर ले रे ना?" उमाजी म्हणाले, "हो." नवरा तोंडघशी पडू नये म्हणून बाईही खाली मान घालून "हो" म्हणाल्या. कशी घेता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. संक्रांतीनंतर बाईंना उठवेना. फेब्रुवारीत त्या गेल्या. शेवटच्या दिवशीही दोन चमचे वरण उमाजींनी फुंकून फुंकून भरवलं होतं.

तेरावा करून ते कामावर आले, तेव्हा नेमका तोच प्रयोग होता. "नामदेव शिपायाला मांडायला सांगते, तुम्ही बसा," अपर्णा मॅडम म्हणाल्या. उमाजींनी ऐकलं नाही. हात सवयीने चालत होते. पहिल्या चार नळ्या एकामागून एक निवळल्या. एका मुलीने पाचवी उचलून उजेडात धरली.

"अन्ना, येच साफ नै होरी, काइकू?"

उमाजींनी मान न वळवता सव्वीस वर्षांचं ठरलेलं उत्तर दिलं, "उबाल को डाले ना उसमें. मर गया वो. अब कित्ता भी डालो, कुछ नै होता."

आणि ते तिथेच थांबले. मुलीच्या हातातून त्यांनी ती पाचवी नळी काढून घेतली.

चार वाजता मुलं गेली. मॅडम कुलूप लावायला आल्या, तर उमाजी अजून टेबलापाशीच. बर्नरवर एन्झाइम उकळत होतं. ते पाचव्या नळीत ओतत होते. आधी दुप्पट, मग चौपट, मग आठपट. दूध पांढरंच होतं.