बोटाचा प्रश्न

कपडे शिवणाऱ्याला सगळेच मास्तर म्हणतात, पण हे मास्तर ती पदवी जरा मनावरच घ्यायचे. कुणी काही विचारायचा अवकाश, यांचं उत्तर तयार. दोन वर्षांच्या नातीला, ठमीला, लस टोचायला लेकीबरोबर ते दवाखान्यात गेले. नर्सताईंनी मुलीच्या वाढीबद्दल आईला विचारायचे प्रश्न काढले, तर लेकीच्या आधी मास्तरच बोलायला लागले. लेक दिवसभर कामावर, ठमी आजोबांच्या दुकानात. मग उत्तरं द्यायचा मान आणखी कुणाचा?

“नावाने हाक मारली की बघते का?”

“बघते का म्हणजे? हातातलं टाकून बघते!”

“काही आवडलं, तर तुम्हाला दाखवायला बोट करते?”

“आमची ठमी? सगळं करते.”

नर्सताई हसल्या. “आजोबा, ही परीक्षा नाहीये हं.”

पण मास्तर पैकीच्या पैकी मार्क मिळाल्याच्या ऐटीत घरी आले. ठमी अजून एक शब्द बोलत नव्हती, ते त्यांनी ‘बोलेल की, घाई काय आहे’ म्हणून कधीच निकालात काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठी कात्री धार लावायला गेली. ठमी खाली बसून बटणांची रांग लावत होती. मास्तरांचा हात सवयीने टेबलावर गेला, तिथे कात्री नव्हती. मग त्यांनी नुसतीच हाक मारली. ठमीने वर पाहिलं नाही. लाडाने मारली, चढ्या आवाजात मारली. ठमी आपली बटणांत. मग मास्तरांच्या लक्षात आलं. आजवर ते टेबलावर कात्री टकटक वाजवून हाक मारायचे, आणि पोर बघायची ती कात्रीकडे. अन् बोट? बोट करायची वेळ त्यांनी तिच्यावर आणलीच कुठे होती? तिने जरा कुरकुर केली की वस्तू हातात!

“काल सगळं नीट होतं, आणि आज पोरीत खोट काढताय, बाबा?” संध्याकाळी लेक भडकली.

“पोरीत नाही गं, माझ्या उत्तरांत आहे. चुकलेली शिवण झाकून मी कधी गिऱ्हाइकाला कपडा दिलाय? उसवतो आणि पुन्हा घालतो. मग नातीच्या बाबतीत झाकू?”

लेक रडली, पण सकाळी रजा टाकून बरोबर आली.

“बरं झालं आलात,” नर्सताई म्हणाल्या. “या प्रश्नांवरून आजार-बिजार ठरत नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं का, एवढंच कळतं.” डॉक्टरांनी ठमीशी बराच वेळ खेळून पाहिलं, तिचे कान तपासले, ते ठणठणीत होते. मग त्यांनी ऑटिझम आहे असं सांगितलं, आणि लवकर आलात हेही सांगितलं. मास्तर घरी येऊन ढसाढसा रडले. मग तोंड धुऊन कामाला लागले.

डॉक्टरांनी ठमीला शिकवायला ज्या बाईंकडे पाठवलं, त्यांनी कामही असं दिलं की विचारू नका. जमिनीवर ठमीसमोर बसायचं, तिच्या रांगेत आपलंही एक बटण लावायचं, आणि ती स्वतःहून काही खुणावेपर्यंत तोंडाला कुलूप. सदा उत्तर तयार असणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुठली! कपडे द्यायचे लांबले, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, पण मास्तर रोज तिच्यासमोर मांडी घालून बसले.

महिने गेले. एका दुपारी कात्रीच्या पात्यावर ऊन पडलं आणि छतावर कवडसा नाचायला लागला. ठमीने हातातलं बटण सोडलं. वर बोट केलं. मग वळून थेट आजोबांकडे पाहिलं, आणि पुन्हा वर. तिला काही नको होतं. कवडसा काय कुणी हातात देणार होतं? आजोबांनी तो बघावा, एवढंच तिला हवं होतं.

“बघितला गं माझ्या राणी, बघितला!”

मास्तरांनी तिला कडेवर घेतलं आणि गळ्यातल्या टेपसकट दवाखान्याकडे धूम ठोकली. तिथली रांगबिंग काही न बघता ते दारातूनच ओरडले, “नर्सताई, तो बोटाचा प्रश्न! लिहा, ‘हो’!”

“आजोबा, ही परीक्षा नाहीये,” नर्सताई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरून आले होते.

“माहितीये हो. तरी लिहा!”