तिसऱ्या रकान्यातले मोठे सर

माजिवड्याच्या त्या ऑफिसात सकाळी आल्याबरोबर कुणी बसायचं नाही. दारासमोर मोठ्या सरांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. सर उदबत्ती लावायचे, डोळे मिटून उभे राहायचे, आणि ते वळले की आम्ही खुर्च्या ओढायचो. मोठे सर म्हणजे सरांचे वडील. त्यांनी ठाण्याच्या बाजारपेठेत अत्तराचं दुकान काढलं होतं. सरांनी ते इंटरनेटवर आणलं आणि मी तिथे शिकाऊ म्हणून लागले.

"काम पाहू आणि कायम करू," असं सर पहिल्या दिवशी म्हणालेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात कंत्राटावर आहेत. त्यांना कायम कधीच केलं नाही. त्यामुळे हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात उच्चारला जायचा. बाबा मला काही विचारत नसत. मी दारात चप्पल काढली की फक्त टीव्हीचा आवाज कमी करायचे.

आखातातून चंदन आणि अत्तराला मागणी यायला लागली, तेव्हा सरांनी पैसे भरायचं पान अरबीत करायला घेतलं. म्हणजे माल निवडून झाल्यावर नाव, पत्ता, कार्ड भरायचं ते पान. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे सगळी मांडणी फिरवायची होती. रकाने उजवीकडे, पुढे जायचं बटण डावीकडे, बाण उलटे. फोनचा आणि कार्डाचा नंबर मात्र होता तसाच डावीकडून. हे काम माझ्याकडे आलं. मुख्य शब्द एका भाषांतर कंपनीने करून दिले, उरलेसुरले भाषांतराच्या मशीनने केले. ऑफिसात अरबी एकालाही येत नव्हतं. अक्षरं तुटत नाहीत ना, एवढं आम्ही बघायचो आणि "छान" म्हणायचो.

पान सुरू झालं आणि ऑर्डरी येईनात. लोक चंदन निवडत, नावाच्या पानापर्यंत येत आणि निघून जात.

सरांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "काय हो कॉलेजकन्या, आरशात बघून काम करता वाटतं? इतकं सगळं उलटं केलंत की गिऱ्हाईकसुद्धा उलट्या पावली परत चाललंय."

सगळे हसले. माझ्या शेजारी बसणारी ताईसुद्धा हसली. ती डिझाइन करायची, माझ्याहून बरीच जुनी. मी म्हणाले, "बघते सर." मला अजून बरंच काही म्हणायचं होतं, पण माझं असंच होतं. वाक्य जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो.

ग्राहकांच्या अरबी मेल मशीनमधून काढून वाचायचं कामही माझंच होतं. त्यात मस्कतच्या एका बाईंची मेल आली. मशीनची भाषा ओबडधोबड असते, पण अर्थ स्पष्ट होता. त्यांनी लिहिलेलं: "मला पांढरं चंदन हवं आहे. तुमचं दुकान माझ्या नवऱ्याचं नाव विचारतं आणि स्वतःच एका माणसाचं नाव लिहून ठेवतं. मी या माणसाला ओळखत नाही. मला याच्याशी लग्न करायचं नाही. मला फक्त चंदन हवं आहे." खाली त्या माणसाचं नाव होतं.

ते नाव मी रोज सकाळी हाराखाली वाचत होते.

मी पान उघडून बघितलं आणि सगळा प्रकार लक्षात आला. आपल्याकडे नावाचे तीन रकाने असतात. आडनाव, स्वतःचं नाव आणि तिसऱ्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं. श्रीमती निवडलं की तिसऱ्या रकान्यावर 'पतीचे नाव' यायचं. शाळेपासून हे तीन रकाने मी इतक्यांदा भरलेत की ते मला दिसतच नव्हते. प्रत्येक रकान्यात फिक्या अक्षरांत नमुना असतो, काय भरायचं ते कळावं म्हणून. आमच्याकडे नमुना म्हणून सरांचंच नाव होतं. ती बोहनी. कुठलंही नवीन पान तयार झालं की पहिली ऑर्डर सरांच्या नावाने टाकायची आणि तेच नाव नमुन्याला ठेवायचं, म्हणजे तिसऱ्या रकान्यात मोठे सर आपोआप आले. त्यांच्या नावाशिवाय धंदा सुरू करायचा नाही, असा तिथला शिरस्ता. मशीनने तेही नाव इमानदारीत अरबी अक्षरांत लिहून दिलं. त्यात फिकी अक्षरं सरांना नीट दिसेनात, म्हणून अरबी पानावर त्यांनी ती ठळक काळी करून घेतलेली. मी तेव्हा शेजारीच उभी होते.

म्हणजे आखातातल्या पुरुषांना वडिलांच्या आणि प्रत्येक बाईला तिच्या नवऱ्याच्या जागी मोठे सर ठळक भरलेले दिसत होते. ती पुढे गेली की पान लाल अक्षरांत ओरडायचं, 'पतीचे नाव भरा'.

मी ताईला दाखवलं. तिने तोंडावर ओढणी दाबली. हसून झाल्यावर मात्र ती घाबरली.

"ए, पागल आहेस का? हे सरांना सांगणार?"

"मग गुपचूप काढून टाकू का रकाना?"

"काढ ना. गोडाऊनच्या प्रोग्रामला तिसरं नाव लागतंच. लेबल छापणार नाही. मग सर विचारतीलच, कोणी काढला."

"म्हणजे सांगावंच लागणार."

"सांग. पण मी काही पाहिलेलं नाही हां. मला यात घेऊ नकोस यार."

त्या मेलचं मराठी मी कागदावर छापलं आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी तो वाचला. पुन्हा वाचला.

"हा विनोद आहे?"

"नाही सर."

"माझे वडील आहेत ते. कळतंय का? त्यांच्या पुण्याईवर इथे चार माणसं जेवतात."

"हो सर. मी फक्त... तो रकाना सक्तीचा आहे ना, तो काढला तर..."

"आणि नवऱ्याचं नाव विचारलं तर एवढं काय झोंबलं त्या बाईंना? आपल्याकडे नाही विचारत? कोण कुणाची, ते कळायला नको?"

"तिकडे लग्नानंतरही बायका स्वतःचं, वडिलांकडचंच नाव लावतात, सर. नवऱ्याचं लावतच नाहीत."

"तू जाऊन आलीस वाटतं तिकडे?"

"नाही. वाचलं."

"वाचलं," सर म्हणाले. भातात खडा लागावा तसा त्यांचा चेहरा झाला. "नीघ आता."

मी बाहेर येऊन बसले. दुपारनंतर सरांनी ताईला आत बोलावलं आणि अरबी पानावरून तिसरा रकाना गेला. गोडाऊनचाही मार्ग निघाला, लेबलवर तिथे नुसती रेघ छापायची. मराठी आणि इंग्रजी पानांवर मोठे सर जागच्या जागी राहिले. अरबी ऑर्डरी सुरू झाल्या. पहिली ऑर्डर आली तेव्हा सरांनी पेढे वाटले. पेढ्यांचा खोका माझ्या टेबलाशी आला तेव्हा रिकामा होता. ताईने स्वतःचा अर्धा पेढा माझ्यापुढे सरकवला. मी तो खाल्ला नाही. मला तेव्हा तिचाही राग आला होता. अजूनही थोडा आहे, आणि तो बरोबर आहे की नाही ते मला ठरवता येत नाही.

शिकाऊ मुदत संपत आली तेव्हा सरांनी बोलावलं. "काम ठीक आहे तुझं. पण इथे नुसतं काम चालत नाही. घरातून काही संस्कार घेऊन यावे लागतात. उद्या येऊन सगळं सोपवून जा."

घरातून. ते वाक्य घेऊन मी ठाकुर्लीला आले. चप्पल काढली, बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"नाही केलं," मी म्हणाले.

बाबांनी कारण विचारलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या बाईंच्या मेलपाशी आई फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. संस्कारांचं मी सांगणार नव्हते, पण तोंडातून गेलं. बाबा बराच वेळ रिमोटचं झाकण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "खरं तेच सांगितलंस ना?"

"हो."

"मग जेवून घे."

दुसऱ्या दिवशी मी सगळं ताईला सोपवलं. जाता जाता मेलपेटी बघितली तर मस्कतच्या त्या बाईंची पुन्हा मेल आलेली. चंदन मिळालं होतं, वास अस्सल होता. शेवटी एक ओळ होती: "त्या गृहस्थांनी माझा नाद सोडला हे बरं केलं. त्यांना माझा सलाम सांगा."

मी ती ओळ मराठीत लिहिली, जशीच्या तशी. स्वतःचा एकही शब्द घातला नाही. निरोप ज्याचा त्याला पोचवावा, एवढे संस्कार आमच्याही घरात आहेत. मोठ्या सरांचा मेलचा पत्ता नव्हता, म्हणून सरांना पाठवला. मग कॉम्प्युटर बंद केला. फोटोकडे न बघता बाहेर पडले आणि कल्याणची बस धरली.