कडकडीत कोरडी

पांढऱ्या काचेवर लाल काचेचा थर चढवायचा आणि जे चित्र नाही ते सगळं लाल कोरून काढायचं: चिनी बादशहाच्या दरबारासाठी अशी भांडी घडवत. त्यांपैकी एक, कमळांची, वीतभर उंचीची सुरई नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या आमच्या प्रयोगशाळेत आली. ज्या संग्रहालयाची ती होती, त्याची अपेक्षा एकच होती: ती टिकावी.

तिच्या पांढऱ्या काचेत क्षार प्रमाणाबाहेर होते. हवेतल्या ओलाव्याने ते पृष्ठभागावर येत आणि सुरईच्या अंगावर चिकट थेंब जमत. लाल काच निरोगी होती. हे निदान माझं, आणि ते अचूक होतं, असं मी आजही म्हणेन.

उपाय मात्र आईच्या स्वयंपाकघरातून आला होता, हे मला फार उशिरा कळलं. लोणचं भरण्याआधी बरणी उन्हात कडकडीत कोरडी झालीच पाहिजे. ओल म्हणजे नासाडी, हे मी रसायनशास्त्राच्या आधी शिकले होते. सुरईच्या बंद पेटीतली आर्द्रता चाळीस टक्के होती. सोमवारी संग्रहालयाच्या समितीला मला सुधारणा दाखवायची होती. शुक्रवारी मी आर्द्रता एकदम वीसवर आणायचं ठरवलं.

शेजारच्या टेबलावरच्या डच बाई आयुष्यभर जुनी काच सांभाळत आलेल्या. त्या म्हणाल्या, "इतक्या खाली नको. आणि एका झटक्यात तर नकोच."

"पण थेंब थांबतील ना?"

"थांबतील. मेलेल्या माणसालाही घाम येत नाही."

मी हसले, आकडा बदलला आणि नेहमीची गाडी पकडली.

सोमवारी थेंब नव्हते. भिंगाखाली पांढऱ्या काचेवर सगळीकडे तड्यांचं बारीक जाळं होतं. वरच्या थरात मुरलेल्या पाण्यानेच तो थर धरून ठेवला होता. पाणी गेलं, थर आकसला आणि तडकला. बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"परत चाळीसवर नेलं तर?" मी विचारलं.

"पुढचे तडे सावकाश येतील. हे सांधणार नाहीत."

"कमळं तरी?"

"ती ज्यावर उभी आहेत, तेच जाणार आहे."

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "चिकटवता नाही का येणार?"

"फुटली नाहीये गं. तडकलीय."

"मग कोरडं काहीतरी ठेवा तिच्यात. आपण नाही का, तडकलेल्या बरणीत मेथ्या ठेवतो?"

मी विषय बदलला.

अहवालात 'आर्द्रता कमी करण्यात आली' असं लिहून पाहिलं, मग खोडून 'आर्द्रता मी कमी केली' असं केलं. समितीने तो शांतपणे वाचला. सुरई आता प्रदर्शनात जाणार नाही, तिच्यावर उपचारही होणार नाहीत. ती अंधाऱ्या पेटीत आहे आणि दर महिन्याला तिचं छायाचित्र मी काढते. या महिन्यात एका कमळाच्या देठाखालचा पांढरा पापुद्रा सुटून वर आला आहे. त्याची लांबी मोजून मी नोंदवली.