तारखेची रिकामी जागा

कोप्पीकर रोडवरच्या आमच्या रुग्णालयात एक्स-रे काढणारा तो मूळचा निकोबारकडच्या एका बेटावरचा. पेशंटला कन्नडमधून "श्वास धरा" सांगताना तो स्वतःही धरायचा, आणि पेशंटने सोडल्यावरही बराच वेळ सोडायचा नाही.

दरवर्षी तो रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. कारण लिहिलेलं असे, 'गावाची मासेमारी'. तारखेची जागा रिकामी.

"तारीख?"

"समुद्र निवळला की म्हातारी माणसं ठरवतात, सर. मग दहा दिवसांनी सगळं गाव एकदम पाण्यात उतरतं."

शेजारचा कारकून हसे. "मासे बाजारात मिळतात की, अण्णा!"

"मिळतात की. पण ते एकट्यानं आणायचे."

रजा पंधरा दिवस आधी मागायची, असा नियम. मी घरातला पहिला पदवीधर. नियम पाळूनच या खुर्चीपर्यंत आलो. चार वर्षं अर्ज परत केला. दर वेळी तो "बरं, सर" एवढंच म्हणाला.

गेल्या वर्षी गावाच्या मासेमारीच्या दिवशी त्याने अर्धा दिवस सुट्टी घेतली. संध्याकाळी तो मला उणकल तलावात दिसला, पॅन्ट दुमडून गुडघाभर पाण्यात उभा. हातात जाळं नव्हतं. मी हाक मारली नाही.

यंदा अर्ज मी ठेवून घेतला. बेटावरून फोन आल्यावर तारखा मीच भरल्या.

अर्ज सहीसाठी मोठ्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

त्यांनी सही करेपर्यंत तो दाराशी श्वास धरून उभा होता.