दुसरा डबा

ह्यांनी दुसरा डबा लावलाय, ही बातमी डोंबिवलीला माझ्या नणंदेकडे पोचली आणि लगेच तिचा फोन. "वहिनी, दादाला तुझ्या हातचं जेवण नको झालंय का गं?" मला आधी काही कळेचना, मग डोकंच फिरलं. ह्यांनीच बहिणीला तेवढं एक वाक्य सांगून फोन ठेवला होता आणि आता सोफ्यावर आरामात पेपर वाचत बसले होते.

ह्यांचा डबा म्हणजे जीपच्या पोटातली लोखंडी पेटी. इंजिनचा जोर ती पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते. तिच्यात एक हळू चालायचा गिअर असतो. तो टाकला की गाडीचा वेग उतरतो आणि चाकांचा जोर वाढतो. आमच्या जुन्या जीपला असा एक डबा होताच, शहाडचा आमचा मेकॅनिक त्याच्यामागे दुसरा जोडत होता. दोन्ही हळूवर टाकले की जोरावर जोर चढतो आणि गाडी नुसती सरकते. हे नणंदेला समजावता समजावता माझी भाजी करपली.

ह्या सगळ्याचं कारण ह्यांचा डावा पाय. अर्धांगाच्या झटक्यानंतर हे चालायला लागले, पण क्लच दाबण्याइतकी ताकद पायात परत आली नाही. जन्मभर जीप घेऊन डोंगर-ओढे पालथे घातलेला माणूस! आता गाडी मी चालवायची आणि ह्यांनी शेजारी बसून खिडकीबाहेर बघायचं. मेकॅनिक म्हणाला, दोन डबे असले की गिअर आधीच टाकून चावी फिरवायची, गाडी आपोआप पुढे सरकते. चावी बंद केली की थांबते. क्लचला पाय लावायलाच नको. रस्त्यावर हे चालणार नाही, पण दगडा-चढावर चालेल. तेव्हापासून ह्यांच्या तोंडी दुसरा विषय नाही.

आणि पहिल्याच चाचणीत, गॅरेजमागच्या खड्ड्यातून वर चढताना, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट पिळवटून तुटला. जोर दुपटीहून जास्त वाढवला, पण तो झेलायचा शाफ्ट जुनाच ठेवला होता. "एवढं आधी सुचलं नाही का तुला?" मी मेकॅनिकला चांगलं झापलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "विकून टाकू गाडी." झटका आला तेव्हाही हे इतके खचले नव्हते. मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मीच गॅरेजला फोन केला आणि सांगितलं, जाड शाफ्ट घाल, आणि मागे-पुढे जे जे कच्चं असेल ते सगळं बदल.

शाफ्ट बसला त्या रविवारी सकाळी मोहने गावाच्या पुढे एका खडकाळ चढापर्यंत मी जीप नेली. मग आम्ही जागा बदलल्या. ह्यांनी दोन्ही डब्यांचे दांडे ओढले, गिअर टाकला, हँडब्रेक सोडला, चावी फिरवली. जीपने एक हिसका दिला आणि ती वर सरकायला लागली. डावा पाय नुसता पडून होता. मी बाजूने चालत होते. एका मोठ्या दगडावर पुढचं चाक अडलं, खालून कुरकुर ऐकू आली. पण शाफ्टने तग धरला. चाक सावकाश दगडावर चढलं आणि पलीकडे उतरलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतके रमले होते.

अर्ध्या चढावर माझे गुडघे बोलायला लागले. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ह्यांनी चावी बंद केली, हँडब्रेक ओढला.

"दमलीस ना? ये, बस," हे म्हणाले.

आजारपणापासून रोज हे वाक्य मी ह्यांना म्हणत आले होते. मी चढून शेजारी बसले. मला रडूच आलं. ह्यांनी चावी फिरवली आणि मला वर घेऊन निघाले.